मूर्ती केव्हा मिळेल?

(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील व्याख्यानाची संहिता)



हातांनी वस्तू घडवून देणाऱ्या माणसाला गिऱ्हाईक पहिला प्रश्न किमतीचा विचारते आणि दुसरा वेळेचा. किमतीचे उत्तर बहुतांशी कारागिराच्या हाती असते. वेळेचे उत्तर मात्र पुष्कळदा मेणाच्या, मातीच्या आणि हवेच्या हाती असते. तरीही ते द्यावे लागते कारागिरालाच. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरावर त्याची पत उभी असते आणि पतीवर त्याचे पोट. आजच्या व्याख्यानाचा विषय एवढाच आहे. त्यासाठी जावयाचे आहे कावेरीच्या खोऱ्यात.

तमिळनाडूत कुंभकोणम्‌पासून काही किलोमीटरांवर, नैर्ऋत्येस, पट्टीश्वरम् हे गाव आहे. तेथे शिवाचे प्राचीन मंदिर आहे. कामधेनूची कन्या पट्टी हिने येथे शिवाची आराधना केली, म्हणून हे नाव, अशी स्थलकथा. बालसंत संबंदर भर उन्हात दर्शनास आले, तेव्हा शिवाने त्यांच्यावर मोत्यांचा मांडव धरविला आणि त्यांची दृष्टी अडू नये म्हणून नंदीला बाजूस सरावयास सांगितले, अशी दुसरी कथा. तेथील नंदी आजही गाभाऱ्याच्या अगदी समोर नाहीत, किंचित बाजूला आहेत.

हा प्रदेश मराठी माणसाला परका नाही. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत तेथे भोसल्यांची गादी होती. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला आपल्या घराण्याच्या इतिहासाचा प्रदीर्घ मराठी शिलालेख आजही वाचावयास मिळतो. पट्टीश्वरम्‌च्या शेजारीच दारासुरम् येथे दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधविलेले ऐरावतेश्वर मंदिर आहे. तेथून थोडे पुढे गेले की स्वामिमलै लागते. हे कार्तिकेयाचे क्षेत्र आणि धातूच्या मूर्ती ओतणाऱ्या स्थपतींचे गाव. आपले पूर्वज दारासुरम्‌च्या मंदिरासाठी या भागात आले, असे येथील स्थपती परंपरेने सांगतात.

स्वामिमलैच्या मूर्तीला वेळ का लागतो, हे समजण्यासाठी तिची कृती पाहावी लागते.

प्रथम मूर्ती घडते ती मेणाची. मधमाशीचे मेण, राळ आणि भुईमुगाचे तेल एकत्र तापवून, गाळून हे मेण सिद्ध करतात. मापाला पट्टी असते नारळाच्या झावळीच्या पात्याची. मूर्तीच्या उंचीएवढे पाते कापून त्याला शास्त्राने ठरविलेल्या घड्या घालतात आणि त्या घड्यांच्या खुणांवरून चेहरा, छाती, कंबर, गुडघा यांची प्रमाणे घेतात. हवा उष्ण असली की मेण मऊ पडते. मग ते मधूनमधून थंड पाण्यात ठेवावे लागते. दागिन्यांचे मणी, बोटांची पेरे, वस्त्राच्या चुण्या इत्यादी बरेचसे काम मेणातच होते.

त्यानंतर मातीचे लेप. पहिला लेप कावेरीच्या गाळाच्या अत्यंत बारीक मातीचा; तमिळमध्ये तिला वंडल म्हणतात. हा पातळ लेप मेणावरची रेघन्‌रेघ उचलतो. तो सावलीत वाळवितात, कारण उन्हात आतले मेण सैल होईल. पुढचे लेप अधिक जाड आणि रेतीमिश्रित असतात. मोठ्या मूर्तीच्या साच्याला तारेने आवळतात. एक लेप पुरता वाळल्याखेरीज दुसरा देता येत नाही. घाई करून ओलसर साच्यात तापलेला धातू ओतला, तर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन साचा तडकतो किंवा फुटतो.

आपल्याकडे पाऊस आषाढ-श्रावणात पडतो. कुंभकोणम्‌च्या परिसरात त्याचा मोठा भाग ऑक्टोबर ते डिसेंबर या महिन्यांत, ईशान्येकडून येतो. त्या दिवसांत हवा ओली असते आणि लेप वाळता वाळत नाही. तीच मूर्ती, तेच हात, पण उन्हाळ्यातले उत्तर एक आणि पावसाळ्यातले दुसरे.

वाळलेला साचा शेण्यांच्या आगीत भाजला की मेण वितळून बाहेर वाहते आणि आत मूर्तीच्या आकाराची पोकळी उरते. मग साचा खड्ड्यात उभा पुरून त्यात पंचलोह ओततात. त्यात मुख्यतः तांबे, सोबत पितळ आणि शिसे, आणि अल्प प्रमाणात चांदी व सोने असते. धार अखंड असावी लागते. ती मध्येच तुटली तर मूर्तीत सांधा राहतो. नंतर साचा आपल्या गतीने निवू द्यावयाचा आणि निवल्यावर फोडावयाचा. एका साच्यातून एकच मूर्ती. येथून उळ्या आणि कानसी यांचे काम सुरू होते आणि पुष्कळदा तेच सर्वांत लांबते. लहान मूर्तीला काही आठवडे, तर पुरुषभर उंचीच्या मूर्तीला कित्येक महिने लागतात.

ही विद्या केवळ तमिळ देशाची नाही. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथात मेणाच्या साच्याने मूर्ती ओतण्याची कृती दिली आहे आणि मेणाच्या वजनावरून धातू किती घ्यावा हेही सांगितले आहे. तो हिशोब आजही उपयोगी पडतो. तांबे-पितळेच्या मिश्रधातूची मूर्ती तिच्या मेणाच्या सुमारे आठ-नऊ पट भरते. म्हणून मेणाचे काम संपेपर्यंत किमतीचा अंदाज हा अंदाजच असतो. मेण तराजूत पडले की तो पक्का होऊ लागतो.

आता गिऱ्हाइकाकडे वळावे. मंदिराला हवी असते उत्सवमूर्ती, आणि कुंभाभिषेकाचा मुहूर्त पंचांगाने ठरलेला असतो. तो साच्यासाठी थांबत नाही. घरच्या देव्हाऱ्यासाठी मूर्ती सांगणाऱ्याला वास्तुशांत किंवा लग्न गाठावयाचे असते. परदेशी राहणाऱ्याची सुटी संपत आलेली असते. तिघांचीही घाई खरी असते. अशा वेळी काम हातचे जाईल या भीतीने कारागीर जवळची तारीख सांगून टाकतो. ती टळली की दुसरी सांगतो. येथे मातीचा दोष नसतो. पहिले उत्तर चुकलेले असते.

शहाणा कारागीर एकच तारीख देत नाही. ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ असा अवधी सांगतो आणि ऋतू कोणता ते पाहून सांगतो. ओतकाम बिघडू शकते, हे आधीच बोलून ठेवतो. ते बिघडले तर मेण वाहून गेलेले असते, साचा फुटलेला असतो आणि आरंभ पुन्हा पहिल्या गोळ्यापासून करावा लागतो. उशीर होणार असे दिसताच, गिऱ्हाइकाने विचारण्यापूर्वी तो स्वतः कळवितो. न विचारता कळविलेला उशीर माणसे बहुधा सोसतात. विचारून विचारून कळलेला उशीर विसरत नाहीत.

गिऱ्हाइकाचेही एक कर्तव्य आहे. मूर्ती मेणात असतानाच ती एकदा नीट पाहावी. हाताची मुद्रा, मुकुटाची ठेवण, चेहऱ्यावरचा भाव यांत काही बदलावयाचे असेल, तर मेणात ते थोडक्या वेळात होते. धातूत ते जवळजवळ अशक्य असते. त्या टप्प्यावर चार दिवस अधिक देणारा पुढचे चार महिने वाचवितो. प्रत्यक्षात पुष्कळ जण याच्या उलट वागतात. मेण पाहावयास त्यांना सवड नसते आणि घासकाम चालू असताना ते रोज विचारणा करतात.

राहिला पोटाचा प्रश्न. साचा वाळत असतो तेव्हा त्या मूर्तीचे काम थांबते, माणसांची मजुरी थांबत नाही. एकाच मूर्तीवर जगू पाहणारी कार्यशाळा वाळवणीच्या दिवसांत उपाशी राहील. म्हणून एक मूर्ती मेणात, दुसरी मातीत, तिसरी उळीखाली, अशी रांग लावावी लागते आणि मेणाचा, साच्याचा, ओतकामाचा, कोरीव कामाचा असे हात वेगळे ठेवावे लागतात. विसाराची रक्कम धातूत आणि मजुरीत जाते. काम ठरविल्यापासून ओतण्यापर्यंत तांब्याचा भाव चढला, तर तो फरक कोणी सोसावयाचा हे आधी ठरलेले नसेल, तर नफा तेथेच वितळतो. गिऱ्हाइकाच्या धीराला मोल आहे ते यासाठी. अधीर होऊन विसार परत मागणारा एक माणूस रांगेतल्या साऱ्या मूर्तींचे गणित मोडू शकतो.

कुंभकोणम्‌जवळच नाच्चियारकोविल येथे पितळी समया होतात. तेथे रेतीच्या साच्यात समईचे भाग वेगवेगळे ओतून जोडतात आणि मूळ नमुना पुन्हा पुन्हा वापरता येतो. त्यामुळे समईची तारीख सांगणे तुलनेने सोपे. दोन्ही गावांच्या कामांना भौगोलिक मानांकन लाभले आहे, दोन्हींची प्रतिष्ठा मोठी आहे. परंतु वेळेचे शास्त्र निराळे. समईच्या तारखेने मूर्तीचे काम मोजणे हा अन्याय होईल.

असाच धीर मागणारा आणखी एक व्यवसाय आपल्या देशात होऊन गेला. लोक त्याला पेंढा भरणे म्हणत. टॅक्सिडर्मी हे त्याचे नाव. म्हैसूरची व्हॅन इंगेन ही पेढी विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्या शतकाच्या अखेरीपर्यंत या कामासाठी जगभर ओळखली गेली. तेथे पेंढा नव्हता. कागदाच्या लगद्याचे शरीर घडवून त्यावर कमावलेले कातडे चढवीत. कातडे वाळताना आकसते. घाई केली तर शिवण उसवते, कान मुडपतात. संस्थानिक आणि साहेब शिकारीत जेवढे उतावळे, तेवढेच येथे थांबावयास तयार असत. पुढे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला, शिकार थांबली आणि ती थांबली हे योग्यच झाले. व्यवसायाचा पाया मात्र गेला. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात २००९ मध्ये टॅक्सिडर्मी केंद्र सुरू झाले. पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकविणारे डॉ. संतोष गायकवाड यांनी ही कला स्वप्रयत्नाने आत्मसात करून तेथे उभी केली. तेथे काम होते ते मृत्यू पावलेल्या प्राण्यांचे, वनखात्याच्या अनुमतीने, अभ्यासासाठी आणि प्रदर्शनासाठी. त्यांची उपजीविका अध्यापनाची होती, म्हणून कलेला थांबता आले. यातून दिसते ते इतकेच, की संथ कलेचा खर्च कोणीतरी उचलावाच लागतो. तो गिऱ्हाईक उचलते, नाही तर संस्था, नाही तर कलावंताची दुसरी नोकरी. कोणीच न उचलल्यास कला संपते.

येथे एक आक्षेप संभवतो. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीच्या भारत मंडपम्‌समोर जी-२० परिषदेच्या निमित्ताने सुमारे २७ फूट उंचीचा आणि १८ टन वजनाचा नटराज उभा राहिला. स्वामिमलैचे राधाकृष्ण स्थपती आणि त्यांचे सहकारी यांनी तो अवघ्या सात महिन्यांत पुरा केला. मग वेळ कमी करता येतो, असे नव्हे काय? येतो. अनेक हात एकत्र आले, कामाला खळ पडला नाही आणि द्रव्याची ददात नव्हती, तर जे काम हातांचे आहे ते लवकर होते. माती वाळण्याचे काम हातांचे नाही. तेथे सात महिन्यांच्या त्या घाईलाही थांबावेच लागते. घाई हवी असेल तर तिचे मोल द्यावे, आणि मातीचे दिवस मातीला द्यावेत, हा या उदाहरणाचा अर्थ.

कुंभकोणम् हे नगरही थांबण्यात मुरलेले आहे. तेथील महामहम् पर्व बारा वर्षांनी येते. मागचे २०१६ मध्ये झाले, पुढचे २०२८ मध्ये येईल. आणि महाराष्ट्राचे तर आराध्यदैवतच थांबलेले आहे. पुंडलिकाचे हातातले काम पुरे व्हावयाचे होते, म्हणून तो विटेवर उभा राहिला. ज्याच्याकडे काम आहे त्याने ते अर्धवट टाकले नाही आणि ज्याला थांबावयाचे होते त्याने तक्रार केली नाही, असा दोन्ही बाजूंचा आदर्श त्या एका कथेत आहे.

पालकहो, शाळेत मूल घातल्यावर घरोघरी हाच प्रश्न विचारला जातो: केव्हा? वाचता केव्हा येईल, पहिला क्रमांक केव्हा, नोकरी केव्हा? शिक्षकांनी त्याला खरे उत्तर द्यावे आणि पालकांनी मेण वेळीच पाहावे. साचा सावलीत वाळत असतो, ते दिवस बाहेरून रिकामे दिसतात. तापलेला धातू सोसण्याचे बळ त्याला त्याच दिवसांत येते.

स्वामिमलैत मूर्तीचे सारे अंग पुरे झाले तरी डोळे शेवटी उघडतात. त्यासाठी मुहूर्त पाहतात आणि सोन्याच्या शलाकेने दृष्टी रेखतात. तोवर गिऱ्हाईक दाराशी थांबलेले असते. आत स्थपती वाकून बसलेला असतो, आणि त्या घटकेला कोणीही ‘केव्हा’ असे विचारीत नाही.