मृगाचा पाऊस आणि आबांची भिंत



खेड्यातल्या पारावर बसून 'काय, यंदा पाऊसपाणी कसं?' असे विचारले की उत्तर ठरलेले असते. 'पाऊस काही पहिल्यासारखा राहिला नाही, सर.' मी कॉलेजात भूगोल शिकवतो, त्यामुळे सुटीत गावी गेलो की हे वाक्य माझ्या वाट्याला हमखास येते. नव्याने नोकरीला लागलो तेव्हा मी ते हसण्यावारी नेत असे. माझे आजोबा हेच म्हणत, आणि त्यांचे वडीलही म्हणत असतील! लहानपणी भिजलेला पाऊस प्रत्येकालाच मोठा वाटतो. आता मी हसत नाही. पण म्हणून पारावरचा शब्द न् शब्द खरा मानावा, असेही नाही.

आधी मृगाचे घेऊ. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. पावशा 'पेरते व्हा' म्हणू लागला, पहिल्या सरीनंतर मखमली लाल किडे मातीवर दिसले, की तिफण बाहेर काढायची, ही आपली रीत. 'आता मृग मृगात पडत नाही' अशी तक्रार आपण करतो. यात एक गंमत आहे, ती शिक्षकमंडळींनी मुलांना जरूर सांगावी. पंचांगातली नक्षत्रे ताऱ्यांवरून मोजतात. ऋतू मात्र सूर्याच्या उत्तरायण-दक्षिणायनाशी बांधलेले. या दोन वर्षांत सुमारे वीस मिनिटांचा फरक असतो, आणि तो साचत साचत बहात्तर वर्षांत एक दिवसाचा होतो. म्हणजे शिवकाळापासून मृग ऋतूच्या मानाने जवळजवळ पाच दिवस पुढे सरकला आहे. त्या हिशेबाने पाऊस मृगाच्या थोडा आधीच यायला हवा! तेव्हा पाऊस उशिरा येतो, या तक्रारीचे खापर पंचांगावर फोडता येत नाही.

खरी अडचण अशी, की पावसाच्या येण्याचा भरवसा उरलेला नाही. २०२५ साली रोहिणी नक्षत्र लागते न लागते तोच, २६ मे रोजी, मोसमी पाऊस मुंबईत दाखल झाला. नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. शिवारात ओल पाहून कित्येकांचे हात शिवशिवले. पण महिनाअखेरीस वारे मंदावले आणि जूनच्या मध्यापर्यंत पाऊस पुढे सरकेना. अशा वेळी घाईने पेरणाऱ्याचे बियाणे मातीत जाते आणि दुबार पेरणीसाठी पुन्हा सावकाराचे दार गाठावे लागते. आला तो पाऊस आणि लागला तो पावसाळा, या दोन गोष्टी एक नव्हेत.

जाण्याचेही तसेच. मुंबईतून मोसमी पाऊस परतण्याची सरासरी तारीख पूर्वी २९ सप्टेंबर धरीत. हवामान खात्याने २०२० साली जुन्या तारखा तपासल्या आणि ती ८ ऑक्टोबर केली. हस्ताचा पाऊस रब्बीला हवाच असतो. पण काढणीला आलेल्या, किंवा कापून शेतात पडलेल्या सोयाबीनवर तो कोसळला तर? २०१९ च्या ऑक्टोबरात तो तसाच कोसळला, आणि शेंगांना शेतातच कोंब फुटले.

आता 'पाऊस कमी झाला' हे म्हणणे. इथे मला पारावरच्या मंडळींशी थोडे भांडायचे आहे. विहीर आटली म्हणजे पाऊस आटला, असे नव्हे. शेजारी दहा बोअर झाले, ज्वारीच्या जागी ऊस आला, तर पूर्वीइतकाच पाऊस पडूनही विहीर मार्चमध्ये कोरडी होते. तो दोष आपण आभाळावर ढकलतो, कारण आभाळ उलट बोलत नाही. मात्र पाऊस पडण्याची तऱ्हा बदलली आहे, हे म्हणणे खरे आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०१७ साली दाखवून दिले, की १९५० ते २०१५ या काळात पश्चिम किनाऱ्यापासून मध्य भारतापर्यंतच्या पट्ट्यात, मोठ्या मुलखावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग तिपटीने वाढले. अरबी समुद्र तापला आहे, तापलेली हवा अधिक बाष्प उचलते, आणि ते बाष्प एकदमच ओतले जाते. महिन्याचा पाऊस तीन दिवसांत पडला तर सरासरी भरते. पण जमिनीत मुरते किती?

आमच्या गावच्या आबांना हे कुणी सांगावे लागले नाही. गोठ्याच्या भिंतीवर ते कोळशाने रेघा ओढतात. रिमझिम झाली तर आखूड रेघ, ओढा वाहिला तर लांब. काही वर्षांपूर्वी सप्टेंबरात एका रात्री त्यांची तूर बांधासकट वाहून गेली. सरकारी नियम असा, की महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला तर अतिवृष्टी. आमच्या मंडळाचे पर्जन्यमापक नऊ-दहा किलोमीटरवर, टेकडीपलीकडे. तिथे त्या रात्री ६५ भरले नाहीत. आबा मला म्हणाले, "सर, तुमच्या कागदावर पाऊस पडला नाही. मग माझा बांध काय मीच नेला?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. भिंतीवरची सगळ्यांत लांब रेघ त्यांनी मला दाखवली. रेघ खरी होती. पण रेघेला आकडा नव्हता.

पुढच्या जूनमध्ये आम्ही शाळेच्या पटांगणात, झाडापासून दूर, सरळ उभ्या कडांचा एक डबा ठेवला. तळ सपाट, तोंड आणि तळ एकाच मापाचे. सकाळी साडेआठला मुले त्यात पट्टी बुडवतात आणि ओल जिथवर चढेल तो मिलिमीटरचा आकडा वहीत लिहितात. एक मिलिमीटर म्हणजे एकरावर चार हजार लिटरांहून थोडे अधिक पाणी, हा गुणाकार सातवीतली पोरे आता बोटांवर करतात. ही वही कचेरीत पुरावा म्हणून चालत नाही, हे मी त्यांना आधीच सांगितले आहे. पण मंडळाचा आकडा आणि आमचा आकडा यांत एकाच दिवशी किती अंतर पडते, ते आता लिहिलेले आहे. आबा अधूनमधून येऊन वही पाहतात आणि घरी जाऊन भिंतीवर रेघेशेजारी आकडा घालतात.