थट्टा आणि मजुरी

(कर्जत येथे तरुण कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वंशद्वेष हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर दक्षिण आफ्रिका उभी राहते, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची वस्ती उभी राहते. २००९ साली मेलबर्नमध्ये भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले तेव्हा आपल्याकडे घराघरांतून संताप व्यक्त झाला, आणि तो योग्यच होता. २०१४ साली दिल्लीत अरुणाचलचा नीदो तानिया हा विद्यार्थी मारहाणीनंतर मरण पावला. त्या प्रकाराची सुरुवात त्याच्या केसांवरून केलेल्या थट्टेने झाली होती. तेव्हाही आपण हळहळलो. परंतु हे सारे दूरचे आहे, आपल्या कर्जत-खालापूरच्या पट्ट्यात असले काही नाही, अशी आपली एक गोड समजूत आहे. त्या समजुतीविषयी आज बोलावयाचे आहे.

मी जन्माने ठाकर आहे. माथेरानच्या पायथ्याच्या एका वाडीत वाढलो आणि पुढे आयुष्यभर महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकविले. माझ्या वाट्याला आलेले शेरे मी सांगणार आहे, ते सहानुभूती मिळविण्यासाठी नव्हे. मला निवृत्तिवेतन मिळते, माझे पोट त्या शेऱ्यांवर अवलंबून नाही. ज्यांचे पोट त्यांवर अवलंबून आहे त्यांच्याकडे लक्ष वेधण्यासाठी मी स्वतःचे उदाहरण घेतो, इतकेच.

मला सर्वांत अधिक वेळा ऐकावे लागलेले वाक्य शिवीचे नाही, कौतुकाचे आहे : "सर, तुम्ही ठाकर वाटत नाही हो!" सहकाऱ्यांनी म्हटले, शेजाऱ्यांनी म्हटले, माझ्या मुलीच्या लग्नात एका सद्गृहस्थांनी जेवणाच्या पंगतीत म्हटले. हे वाक्य उलगडून पाहा. ठाकर कसा दिसतो, कसा बोलतो, कसा बसतो, याचे एक चित्र म्हणणाऱ्याच्या मनात आधीच पक्के आहे. त्या चित्रात मी बसलो नाही याचा अर्थ चित्र चुकीचे आहे असा तो काढीत नाही. मी अपवाद आहे असा काढतो. चित्र शाबूत राहते आणि मला त्यातून बाहेर काढल्याबद्दल मी आभार मानावेत अशी अपेक्षा असते.

ज्या वर्षी विभागप्रमुखपद माझ्याकडे आले त्या वर्षी प्राध्यापकांच्या खोलीत कोणीतरी म्हणाले, "आता विभागाच्या बैठकीला ढोल आणावा लागणार." सारे हसले. मी हसलो नाही तेव्हा दुसऱ्याने समजूत घातली, "सर, मनावर घेऊ नका, गंमत केली." अशा गमतीची खुबी अशी की ती ऐकणाऱ्याला दोन्ही बाजूंनी बांधते. हसलात तर तुम्हाला ती मान्य आहे, न हसलात तर तुम्हाला विनोदबुद्धी नाही. शिवीला उत्तर देता येते. थट्टेला उत्तर दिले तर उत्तर देणाराच असभ्य ठरतो.

येथे आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. ही थट्टा केवळ वरून खाली एकाच पायरीवर येत नाही. आमच्या ठाकरवाड्यांतही कातकऱ्यांच्या खाण्यावरून, उंदीर पकडण्यावरून हसणे चालते. गावातला कुणबी ठाकराला हसतो, ठाकर कातकऱ्याला हसतो आणि शनिवार-रविवारी येणारा शहरी पाहुणा तिघांनाही हसतो. बाबासाहेबांनी जिला श्रेणीबद्ध विषमता म्हटले तिचे हे रोजचे रूप आहे. प्रत्येकाला हसण्यासाठी खाली कोणीतरी ठेवले म्हणजे वर पाहून रागावण्याचे कारण उरत नाही. शेवटच्या पायरीवरच्या कातकऱ्याला मात्र हसण्यासाठी कोणीच उरत नाही. घरातले मूल काळे, केस विस्कटलेले, कपडे मळलेले असले की आई सहज म्हणते, "काय कातकऱ्यासारखा दिसतोस!" एका संपूर्ण जमातीचे नाव या पट्ट्यात अस्वच्छतेचे विशेषण म्हणून वापरले जाते. वस्तुतः ते नाव कसबाचे आहे. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. वनखात्याने जंगले राखीव केली, खैर तोडणे गुन्हा ठरला, कसब गेले आणि नाव तेवढे शिवी म्हणून उरले.

आता अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मला जे सांगावयाचे आहे त्याकडे येतो. आदिवासींविषयीचे विनोद मी अनेक वर्षे ऐकत आलो. त्यांची वर्गवारी केली तर ते चार-पाचच निघतात : तो आळशी आहे, तो दारूबाज आहे, त्याला हिशेब कळत नाही, त्याला उद्याची चिंता नाही, तो रानटी आहे. माझे म्हणणे असे की या प्रत्येक विनोदाच्या पाठीमागे एक आर्थिक व्यवहार उभा आहे आणि विनोद त्या व्यवहाराची वकिली करतो. आळशी म्हटले की रोज कमी देता येतो. हिशेब कळत नाही म्हटले की हिशेब दाखवावा लागत नाही. उद्याची चिंता नाही म्हटले की त्याची जमीन बांधावरून विकत घेताना मनाला टोचत नाही.

दारूचेच उदाहरण घ्या. १८८० च्या सुमारास निघालेल्या ठाणे जिल्ह्याच्या इंग्रजी गॅझेटिअरात कातकऱ्यांचे वर्णन आहे. त्यांचा काळा रंग, मद्यपान आणि चोरी यांचा उल्लेख जणू जन्मजात गुणधर्म असावेत अशा थाटात केलेला आहे. परंतु त्याच सरकारने १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळण्याचा व्यवहार आपल्या आणि मक्तेदारांच्या हाती घेतला, आणि १८९२ च्या मोहडा कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाच्या फुलांवर निर्बंध आणले. जे फूल आदिवासीला टंचाईत अन्न म्हणूनही उपयोगी पडत होते ते हातातून काढून घेतले आणि मक्तेदाराच्या दुकानातली दारू त्याच्यापुढे ठेवली. कर सरकारला, नफा मक्तेदाराला आणि बदनामी आदिवासीला, अशी ती वाटणी होती. आज आपण जो विनोद करतो तो आपल्याला वाटतो तसा गावरान नाही. त्याच्यावर साहेबाच्या कचेरीचा शिक्का आहे.

हिशेबाचे उदाहरण मी डोळ्यांनी पाहिले आहे. खालापूर तालुक्यातले एक कातकरी कुटुंब वीटभट्टीवरून परत आले होते. पद्धत तुम्हाला ठाऊक आहे. पावसाळ्याच्या अखेरीस घरात दाणा नसतो तेव्हा मुकादम उचल देतो. दिवाळीनंतर कुटुंब भट्टीवर जाते. नवरा-बायको मिळून जी वीट पाडतात तिची मजुरी हजारी दराने लागते आणि दर आठवड्याला पोटापुरती खर्ची मिळते. पावसाच्या तोंडाशी हिशेब होतो आणि त्या हिशेबात बहुधा मजुराकडेच बाकी निघते. ती पुढच्या वर्षाची उचल ठरते. या कुटुंबाकडेही बाकी निघाली होती. मालकाच्या माणसाने मला हसत सांगितले, "सर, ह्यांना दहाच्या पुढे मोजता येत नाही, तुम्ही कशाला डोके शिणवता?" तेव्हा त्या बाईने कमरेची एक दोरी काढली. दर हजार विटांना तिने एक गाठ मारली होती. आम्ही गाठी मोजल्या. त्या मालकाच्या वहीतल्या विटांच्या आकड्याशी तंतोतंत जुळल्या. चूक विटांच्या मोजणीत नव्हतीच. खर्चीच्या तांदळाला, तेलाला, औषधाला कोणता भाव लावला हे तिला कधी सांगितलेच नव्हते. तिला मोजता येत होते, तिला वही दाखविली जात नव्हती. "ह्यांना मोजता येत नाही" हा विनोद त्या मिटलेल्या वहीचे कुलूप होता.

वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा आहे. किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबविणे ही राज्यघटनेच्या २३ व्या कलमात सांगितलेली सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एशियाड प्रकरणात १९८२ साली दिला. कायदा आहे, निर्णय आहे. तरीही व्यवहार चालतो, कारण तो करणाऱ्यास आपण गुन्हा करीत आहोत असे वाटतच नाही. ते वाटू न देण्याचे काम थट्टा करते.

आता इर्शाळवाडीकडे वळतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या त्या ठाकरवाडीवर डोंगर कोसळला. २७ मृतदेह हाती लागले, ५७ माणसे सापडलीच नाहीत, आणि शोधकार्य थांबविण्यात आले. त्या आठवड्यात मदतीला धावलेली माणसे मी पाहिली. त्यांत सर्व जातीधर्मांची तरुण मुले होती, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. परंतु खाली रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर मी हेही ऐकले : "इतक्या वर राहायला सांगितले होते कोणी? माकडांची सवय, दुसरे काय." पुढे सरकारने वाचलेल्यांसाठी चौकजवळ पक्की घरे बांधली तेव्हा ऐकले, "लॉटरीच लागली की लेकाच्यांना." ज्याच्या घरातली सारी माणसे दगडमातीखाली राहिली त्याला लॉटरी लागली! हे म्हणणारी माणसे क्रूर नव्हती. त्यांनी घरी जाऊन मुलाबाळांना प्रेमाने जवळ घेतले असेल. म्हणूनच मला अधिक भीती वाटली.

"इतक्या वर का राहिलात" या प्रश्नाचे उत्तर आहे, पण ते विनोदात मावत नाही. सपाटीची जमीन कोणाकडे गेली, दळीच्या जमिनी कसणाऱ्यांच्या नावावर का होत नाहीत, २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे कोठे अडतात, खासगी मालकीच्या जागेवर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या कातकरीवाड्यांना गावठाण का मिळत नाही, आणि शेतघरांसाठी कुंपण पडले की त्यांची पाण्याची वाट का बंद होते, या प्रश्नांतून ते उत्तर निघते. "माकडांची सवय" म्हटले की यांपैकी एकाही प्रश्नाला हात लावावा लागत नाही.

काही मित्र विचारतील, आपल्याकडे कोणावर विनोद होत नाहीत? कोकणस्थाच्या काटकसरीवर होतो, नागपूरकराच्या अघळपघळपणावर होतो, मुंबईत मराठी माणसालाच 'घाटी' म्हणतात. मला एक साधी कसोटी सुचते. थट्टा संपल्यावर कोणाचा रोज कमी होतो ते पाहावे. काटकसरीच्या विनोदाने कोकणस्थाला कोणी बँकेत कर्ज नाकारीत नाही. उलट बँक त्याच्यावर अधिक विश्वास ठेवते. कातकऱ्यावरचा विनोद मात्र सावकाराच्या, मुकादमाच्या, फौजदाराच्या आणि दवाखान्यातल्या खिडकीमागच्या माणसाच्या डोक्यात शिरलेला असतो, आणि तेथे त्याचे रूपांतर निर्णयात होते. चोरी झाली की आधी कोणत्या वाडीवर जावयाचे, हे त्या विनोदानेच ठरलेले असते.

दुसरे मित्र म्हणतील, हा जातीचा प्रश्न आहे, वंशाचा नव्हे. २००१ साली डर्बनच्या परिषदेत आपल्या सरकारने हीच भूमिका घेतली होती. परंतु वंशभेदाविरुद्धचा जो आंतरराष्ट्रीय करार १९६५ साली झाला त्याच्या व्याख्येत रंग आणि वंश यांच्याबरोबर 'जन्मपरंपरा' या अर्थाचा शब्द आहे, आणि तो भारतानेच सुचविला होता. शास्त्राचे म्हणाल तर आपल्या इरावती कर्वे बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधनाला गेल्या. कवट्यांच्या मोजमापावरून वंशांची प्रतवारी लावता येईल अशी त्याची अपेक्षा होती. मोजमापातून ते निघत नाही, असा निष्कर्ष त्या विद्यार्थिनीने निर्भयपणे मांडला. तेव्हा शास्त्राने प्रतवारी नाकारली आहे. ती टिकून आहे ती व्यवहारामुळे. शब्द कोणताही वापरा, रंगावरून आणि जन्मावरून माणसाची किंमत ठरविणे हीच ती गोष्ट आहे.

तिसरा प्रश्न कायद्याचा. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने लोकांच्या नजरेसमोर केलेला हेतुपुरस्सर अपमान गुन्हा ठरविला आहे. तो कायदा मोलाचा आहे आणि त्याचा संकोच करण्याच्या प्रत्येक प्रयत्नाला आपण विरोध केला पाहिजे. परंतु बहुतेक थट्टा चार भिंतींच्या आत, आदिवासी हजर नसतानाच होते. तेथे पोलीस पोहोचणार नाहीत. तेथे तुम्ही असता. म्हणून ही जबाबदारी ऐकणाऱ्यावर येते, आणि त्यातही आपल्यासारख्या, स्वतःला समतावादी म्हणविणाऱ्या ऐकणाऱ्यावर अधिक येते. आपल्या शिबिरांत आदिवासी नाचायला येतात, ठराव मांडायला किती येतात, हेही एकदा मोजावे.

या जिल्ह्याच्या इतिहासात २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळी झेलणारा नाग्या महादू कातकरी आहे. माथेरानच्या भाई कोतवालांनी १९४२ मध्ये आझाद दस्ता उभा केला तो याच डोंगरांच्या आधाराने. २ जानेवारी १९४३ ला सिद्धगडावर ते आणि हिराजी पाटील पडले. डोंगरातल्या वाटा ठाऊक असलेल्या माणसांखेरीज तो लढा एक आठवडाही चालला नसता. ज्यांच्या खांद्यावर स्वातंत्र्याची शिदोरी डोंगर चढली त्यांना आळशी म्हणण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

तेव्हा मी तुमच्यापुढे मोठा कार्यक्रम ठेवीत नाही. दिवाळीनंतर भट्ट्या लागतील. त्याआधी प्रत्येक वाडीत बसून उचलीची, दराची आणि खर्चीच्या भावाची नोंद करा आणि तिची एक प्रत मजुराच्या हाती ठेवा. गावठाणाचे आणि दळीचे अर्ज कोणत्या टेबलावर आहेत ते शोधा. आणि तुमच्यासमोर कोणी कातकऱ्यावर, ठाकरावर विनोद केला तर भाषण करू नका, रागावूही नका. शांतपणे एवढेच विचारा : "त्याला रोज किती देता?"

बहुतेक वेळा त्यानंतर कोणी हसत नाही, असा माझा अनुभव आहे.