गुराब आणि गलबत

गिरगावच्या चौपाटीवर सायंकाळी वारा खाण्यास जाणाऱ्यांस तुकाराम ओंबळे यांचे स्मारक परिचयाचे आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, हाती केवळ लाठी असता, त्यांनी तेथे एका हल्लेखोराच्या बंदुकीची नळी घट्ट धरून ठेवली व गोळ्या अंगावर झेलल्या. दहाजणांपैकी तेवढा एकच जिवंत हाती लागला.

हे दहाजण आले कोणत्या वाटेने? बळकावलेल्या मासेमारी नौकेतून आणि शेवटी एका रबरी होडीतून ते कफ परेडजवळच्या मच्छीमार वस्तीत उतरले. तेथून जवळच आपल्या पश्चिम आरमाराचे मुख्य ठाणे! विनाशिका होत्या, पाणबुड्या होत्या. परंतु शत्रूच्या युद्धनौकेचा वेध घेणाऱ्या यंत्रणेस हजारो मासेमारी नौकांतील एक परकी होडी कशी ओळखू यावी? खास शिकविलेले कमांडो हरियाणातील मानेसरहून यावयाचे. ते पोहोचले दुसऱ्या दिवशी सकाळी. एकंदर १६६ माणसे प्राणास मुकली.

त्यानंतर जाग आली. २००९ साली किनाऱ्याच्या रक्षणाची एकंदर जबाबदारी आरमाराकडे सोपविण्यात आली. एक हजार माणसे व ऐंशी जलद नौका यांचे सागर प्रहरी बल मंजूर झाले, आणि कमांडोंचे एक ठाणे मुंबईतच आले. हे योग्यच झाले. मात्र यावरून कित्येक सुबुद्ध गृहस्थ असा निष्कर्ष काढतात की, आता मोठ्या युद्धनौका म्हणजे निव्वळ डामडौल. त्यांनी ९ डिसेंबर १९७१ ची रात्र आठवावी. अवघ्या पाच दिवसांपूर्वी आपल्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर यशस्वी हल्ला केला होता. आणि त्या रात्री दीवजवळच्या समुद्रात एका पाकिस्तानी पाणबुडीने ‘खुकरी’ बुडविली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. पाण्याखालच्या त्या वैऱ्यास जलद होड्यांचा ताफा काय करणार?

कान्होजी आंग्रे यांस हे पुरते उमगले होते. त्यांच्या आरमारात जड तोफांची गुराबे होती, तशीच वल्ह्यांची चपळ गलबते. वारा पडला की गलबतांनी गुराबास ओढून मोक्याच्या जागी न्यावे! इंग्रजांना १७१८ साली खांदेरी घेता आली नाही. आम्ही मात्र कान्होजींचा गनिमी कावा तेवढा आठवतो, तोफा विसरतो.

आज माझगाव गोदीत पाणबुड्या बांधल्या जातात; सहा पाणबुड्यांच्या मालिकेतील शेवटची, ‘वागशीर’, जानेवारी २०२५ मध्ये आरमारात दाखल झाली. त्या खर्चाबद्दल कुरकुर करण्याचे मला कारण दिसत नाही. माझी शंका निराळी आहे. पाणबुडीचे जलावतरण समारंभाने होते, वर्तमानपत्रांत छायाचित्रे झळकतात. गस्तीच्या नौकेस मात्र इंधन, दुरुस्ती आणि पोहता येणारा शिपाई वर्षानुवर्षे पुरवावा लागतो, आणि त्याचा समारंभ कोणी करीत नाही. २००८ साली त्या परक्यांना प्रथम पाहिले ते किनाऱ्यावरच्या कोळी मंडळींनी. पुन्हा अशी होडी दिसली, तर त्यांची खबर ऐकून घेण्यास रात्री नऊ वाजता चौकीत कोण बसलेले असेल?