खोली पाहिजे, कागदासकट



या मुंबईत दहा बाय दहाची खोली भाड्यानं मागायला जा. एजंट डिपॉझिटच्या आधी आडनाव विचारतो. गोदीत माल उचलताना आमचं आडनाव कुणाला खुपत नाही, खोलीच्या उंबऱ्यावर खुपतं. मग म्हणतात, "मालकाला व्हेजिटेरियनच पाहिजे." जात विचारायची ही साळसूद रीत!

१९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना पारशी नाव लावून पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. तिथूनही काठ्या घेऊन आलेल्यांनी त्यांना हाकललं. परदेशात शिकून आलेला माणूस! तेव्हा डिग्रीनं घर मिळतं, हे थोतांड सोडा.

१९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचं कलम ४ वाचा. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहायला अडवणं हा गुन्हा आहे. खोली मिळाली तर १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ दाखवा. करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे, आणि नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंद नसेल तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरतात, मालक उलट सिद्ध करेपर्यंत.

नुसत्या कडी-कुलपावर भरवसा ठेवू नका. कागद मागा. आडनाव लपवू नका. नकार आला तर चौघं मिळून परत जा, आणि कारण विचारा.