पोटाचा जंतू आणि डोळ्याचा पडदा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



पोटात जंतू असला तर डोळ्याचा पडदा बिघडतो काय, हा प्रश्न गेल्या हळदीकुंकवाला निघाला होता. डॉक्टरांकडून जेवढे समजून घेतले, तेवढेच सांगते.

या जंतूचे नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठराच्या अस्तरात तो वर्षानुवर्षे बिऱ्हाड करून राहतो. पूर्वी अल्सर झाला की तिखटाला आणि काळजीला बोल लावीत. १९८२ साली ऑस्ट्रेलियात पर्थ येथे वॉरन आणि मार्शल या डॉक्टरांनी हा जंतू वाढवून दाखवला. कोणी मानीना, तेव्हा १९८४ साली मार्शल तो स्वतःच प्यायले! जठराला सूज आली. २००५ साली दोघांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आता डोळा. आतल्या पडद्यामागे रक्तवाहिन्यांचा एक थर असतो, जेमतेम पाव मिलिमीटर जाड. त्यातून पाणी झिरपून पडद्याखाली साचले, की मधोमध पुसट दिसते आणि सरळ रेघ वाकडी भासते. अशा रोग्यांपैकी काहींच्या पोटात हा जंतू सापडला, म्हणून शंका आली. पण बायांनो, जगातल्या सुमारे निम्म्या लोकांच्या पोटात तो असतो. शोधाल तेथे सापडायचाच. संशोधकांनी थरांची जाडी मोजली. कुठे फरक निघाला, कुठे नाही. जंतू मारला की दृष्टी सुधारते, असे ठरलेले नाही.

आमच्या जाऊबाईंना दाराची चौकट वाकडी दिसू लागली. कोणी सांगितले म्हणून त्या पोटाच्याच गोळ्या घेत बसल्या. शेवटी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी आधी विचारले, “गुडघ्यांसाठी, दम्यासाठी काही घेता का?” जाऊबाईंनी पिशवीतून कागदी पुड्या काढल्या. गुडघेदुखीच्या अशा बिननावाच्या पुड्यांत पुष्कळदा स्टिरॉइड असते, आणि स्टिरॉइडचा या दुखण्याशी संबंध पक्का आहे. गोळी, इंजेक्शन, मलम, काहीही असो, डॉक्टरांना सांगावे. मनाने एकदम बंद मात्र करू नये, त्यानेही जिवावर बेतते.

अल्सर असेल तर जंतूची तपासणी जरूर करावी. औषधे बहुधा चौदा दिवसांची असतात, ती पुरी घ्यावीत. पण ती पोटासाठी. डोळ्यांसाठी घरी एवढे करा: एकेक डोळा झाकून दाराच्या चौकटीकडे पाहा. वाकडी दिसली तर त्याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, आणि घरातल्या सगळ्या औषधांची पिशवी बरोबर न्या.