म्हाताऱ्याची दारू आणि साखरेची गोळी



फवारणीच्या पंपात दोन औषधं मिसळताना आपण दहादा विचारतो. म्हाताऱ्याच्या पोटात साखरेची गोळी, बीपीची गोळी आणि दारू रोज एकत्र होतात, ते कुणी विचारत नाही.

आम्ही शेतकी शिकलेलो, म्हणून जमिनीवरून सांगतो. हलक्या जमिनीत ओल कमी. तिथं तेवढंच खत पीक जाळतं. म्हाताऱ्या अंगातही पाणी कमी. तेवढीच दारू जास्त चढते. त्यात बीपीची गोळी असली तर उठताना चक्कर येते, खुबा मोडतो.

ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी पिणं त्याहून वाईट. रक्तातली साखर घटली की यकृत नवी साखर बनवून सोडतं. दारू ते अडवते. माणूस घामेजतो, थरथरतो, बरळतो. आपण म्हणतो, 'जास्त झाली, झोपू द्या.' त्या झोपेतून तो उठेलच असं नाही.

शुद्धीत असेल तर साखरपाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका, १०८ ला फोन करा. शंका असली तरी थांबू नका.

गोळ्या मनानं बंद करू नका. रोज भरपूर पिणाऱ्यानं दारूही डॉक्टरच्या सल्ल्यानंच सोडावी. एकदम तोडली तर झटके येऊ शकतात. वर्धा, गडचिरोलीत दारूबंदी आहे. तिथल्या पिणाऱ्यानंही डॉक्टरपासून लपवू नये. किती पितो, ते खरं सांगावं.