गच्चीवर पॅनेलें किती असावींत?



गेल्या वर्षींच्या उन्हाळ्यांत माझे एक जुने स्नेही हातांत एक कागद घेऊन माझ्याकडे आले. पुण्यांत त्यांचें स्वतःचें बैठें घर आहे, वर मोकळी गच्ची आहे, आणि त्या गच्चीवर सूर्यप्रकाशापासून वीज करणारीं पॅनेलें बसवावींत असें त्यांच्या मुलानें मनांत घेतलें होतें. कागद विक्रेत्याचा होता. त्यांत ५ किलोवॅटची योजना सुचविली होती, आणि खालीं ठळक अक्षरांत लिहिलें होतें कीं, यापुढें बिल शून्य! "इतकें आम्हांला लागेल का हो?" एवढाच त्यांचा प्रश्न. प्रश्न साधा दिसतो खरा. परंतु त्याच्या उत्तरावर एका निवृत्त गृहस्थाच्या शिलकेंतील लाखभर रुपये अवलंबून होते. म्हणून आम्ही दोघे एक संबंध दुपार त्यासाठीं बसलों. त्या दुपारीं जें झालें तेंच आज आपणांस सांगणार आहें.

प्रथम एक घोटाळा दूर केला पाहिजे. किलोवॅट आणि युनिट या दोन शब्दांची पुष्कळ सुशिक्षित घरांतूनहि गल्लत होते. नळाची तोटी केवढी आहे हें किलोवॅट सांगतो. दिवसभरांत हंडे किती भरले हें युनिट सांगतें. १ किलोवॅटचें उपकरण एक तास चाललें कीं १ युनिट खर्च होतें. आपण गच्चीवर तोटी विकत घेतों, पण बिल येतें तें हंड्यांचें. म्हणून विचाराची सुरुवात हंड्यांपासून करावयाची.

विक्रेत्यानें आपली सुरुवात मे महिन्याच्या बिलापासून केली होती. त्या महिन्यांत ४६० युनिटें जळालीं होतीं, आणि तेवढ्यावरून त्यानें ५ किलोवॅटचा आंकडा काढला होता. परंतु एकट्या मे महिन्यावरून घराचा खर्च ठरविणें म्हणजे लग्नाच्या पंगतीवरून रोजचा शिधा ठरविण्यासारखें आहे. मीं स्नेह्यांना सांगितलें, "घरीं जाऊन मागचीं बारा बिलें घेऊन या." बारा महिन्यांची बेरीज ३,३६० युनिटें आली, म्हणजे महिन्याला सरासरी २८०.

आतां तोटीकडे वळूं. पुण्यासारख्या ठिकाणीं, सांवली नसलेल्या गच्चीवर, १ किलोवॅटचीं पॅनेलें दिवसाला सरासरी पावणेचार ते चार युनिटें देतात. वर्षाचा अंदाज १,४०० युनिटांचा धरला तर फारशी फसगत होत नाहीं. हें उत्पन्न सर्व ऋतूंत सारखें नसतें. मार्च-एप्रिलांत तें रोज साडेचार-पांचांपर्यंत चढतें, आणि जुलै-ऑगस्टांत ढगांमुळें तिनाच्याहि खालीं येतें. यांत एक गंमत आहे. मे महिन्याचें ऊन सर्वांत कडक असलें तरी पॅनेलाला तें तितकेंसें मानवत नाहीं. सिलिकॉनच्या पॅनेलाची शक्ति २५ अंशांच्या उष्णमानाला मोजलेली असते, आणि त्याच्यावर प्रत्येक अंशाला ती शेंकडा एकतृतीयांशाच्या आसपास घटते. भर उन्हाळ्यांत गच्चीवरील पॅनेल ६० अंशांपर्यंत तापतें. तेवढ्यानेंच शेंकडा दहा-बारा वीज कमी होते.

३,३६० ला १,४०० नीं भागलें. २.४ आले. म्हणजे स्नेह्यांची आजची गरज अडीच किलोवॅटांच्याहि आंतलीच होती, आणि त्यांना सुचविलें होतें त्याच्या दुप्पट!

तथापि पॅनेलें पंचवीस वर्षांच्या हिशोबानें घ्यावयाचीं असतात, तेव्हां नुसत्या आजच्या गरजेवर थांबून चालत नाहीं. मीं विचारलें, "घरांत नवें काय येणार आहे?" सुनेसाठीं विजेवरची स्कूटर घ्यावयाची होती. दिवसाआड तीन युनिटें धरलीं तर वर्षाला साधारण ५४० होतात. मुलाच्या खोलींत वातानुकूलन यंत्र बसणार होतें. उन्हाळ्याच्या ७५ रात्रीं, रात्रीला ७ युनिटें, म्हणजे आणखी ५२५. सर्व मिळून ४,४२५ युनिटें, आणि त्याला सुमारें ३.२ किलोवॅट. हल्लीं ५४० वॅटचें एक पॅनेल सर्रास मिळतें. अशीं सहा घेतलीं कीं ३.२४ किलोवॅट होतात. हिशोब इतका नेमका जुळला कीं मलाच किंचित् संशय आला आणि मीं तो पुन्हां करून पाहिला.

याच वेळीं मीं त्यांच्या घरांतील पंख्यांकडे बोट दाखविलें. जुना पंखा ७५ वॅट खातो; नव्या पद्धतीचा पंखा ३० वॅटांत तेंच काम करतो. पांच पंखे रोज दहा तास चालले तर दिवसाला सव्वादोन युनिटांचा फरक पडतो, आणि वर्षांतले अडीचशें दिवस धरले तर साडेपांचशेंच्या वर युनिटें वांचतात. एका पॅनेलाच्या उत्पन्नाचा हा जवळजवळ तीनचतुर्थांश आहे, आणि त्याला गच्चीवर इंचभरहि जागा लागत नाहीं.

"पण जास्त घेतलें तर बिघडलें काय? उरलेली वीज विकूं," असें मुलाचें म्हणणें होतें. बिघडतें तें असें. महावितरणचे घरगुती दर पायऱ्यांचे आहेत: पहिल्या १०० युनिटांना कमी, १०१ ते ३०० ला त्याहून अधिक, ३०१ ते ५०० ला आणखी, आणि ५०० च्या पुढें सर्वांत महाग. आपण दिलेली वीज नेट मीटर बिलांतून वजा करतो तेव्हां वरची, महाग पायरी आधीं गळते. म्हणजे पहिल्या पॅनेलाची कमाई सर्वांत मोठी आणि शेवटच्याची सर्वांत लहान! वर्षभर शिल्लक पुढें ओढली जाते, परंतु ३१ मार्चला जी उरेल तिला मिळणारा भाव आपण विजेसाठीं देतों त्या भावाच्या कितीतरी खालीं असतो. स्थिर आकार तर कितीहि पॅनेलें लावलीं तरी भरावाच लागतो. "शून्य" हा शब्द तेवढ्यापुरता खोटाच. शिवाय फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरूं झालेल्या पीएम सूर्यघर योजनेंत पहिल्या दोन किलोवॅटांना प्रत्येकीं ३०,००० रुपये आणि तिसऱ्याला १८,००० रुपये साहाय्य ठरलें; तीन किलोवॅटांच्या पुढें ७८,००० हीच मर्यादा.

उलट फार लहान योजनाहि शहाणपणाची नव्हे. सांगाडा, तारा, मजुरी आणि परवानगी यांचा खर्च पॅनेलें निम्मीं केल्यानें निम्मा होत नाहीं. आणि पुढें भर घालावी म्हटलें तर तेंच पॅनेल बाजारांत उरलेलें नसतें.

एवढें झाल्यावर आम्ही गच्चीवर गेलों, आणि खरी अडचण तेथें भेटली. एक पॅनेल सुमारें सव्वासात फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असतें. सहा पॅनेलांना जागा भरपूर होती. परंतु गच्चीच्या दक्षिण बाजूला सहा फूट उंचीची पाण्याची टांकी होती. डिसेंबरांत सकाळीं साडेनऊच्या सुमारास पुण्यास सूर्य क्षितिजापासून तीस अंशांपेक्षांहि खालीं असतो, आणि तेव्हां त्या टांकीची सांवली साडेदहा फुटांहून लांब पडते. पॅनेलें दिव्यांच्या माळेसारखीं एकामागून एक जोडलेलीं असतात. एकावर सांवली पडली तर तोटा त्या एकापुरता राहीलच असें नाहीं. म्हणून सांवली पाहावयाची ती डिसेंबरांतली. उन्हाळ्यांतल्या भेटीवर विश्वासूं नये, कारण साधारण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यास माध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि दक्षिणेकडची टांकी त्या दिवसांत अगदीं निरुपद्रवी वाटते. शेजाऱ्याच्या आंब्याचीहि आज आहे तीच उंची धरूं नये. तो वाढणार आहे.

आम्ही पॅनेलें टांकीपासून दूर, उत्तरेच्या बाजूला सरकविलीं, तोंड दक्षिणेकडे, आणि कल पुण्याच्या अक्षांशाइतका, म्हणजे अठरा अंशांच्या आसपास ठेवला.

मुलाला शेवटची निराशा एका वेगळ्याच गोष्टीनें झाली. बॅटरी नसलेली अशी योजना रस्त्यावरची वीज गेली कीं भर दुपारींहि बंद पडते. खांबावर काम करणाऱ्या माणसाला आपल्या गच्चीवरून धक्का बसूं नये म्हणून ती तशी केलेली असते, आणि पॅनेलें पांचाऐवजीं दहा किलोवॅटचीं घेतलीं तरी त्यांत फरक पडत नाहीं.

अखेर सहा पॅनेलें बसलीं. सांगाडा मात्र आठांचा करवून घेतला आणि इन्व्हर्टर ४ किलोवॅटचा, म्हणजे दुसरी स्कूटर आली तर सोय राहील. त्या दोन रिकाम्या जागांखालीं यंदाच्या एप्रिलांत वहिनींनीं कुरडया वाळत घातल्या होत्या. ऊन तेथें किती वाजेपर्यंत राहतें, तें मलाच मोजून द्यावें लागलें.